वाचनालयासाठी मुक्त स्रोत कॅलेंडर सर्व्हर: रॅडिकॅलची उभारणी आणि आलेल्या अडचणी

ग्रंथसेवक (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात सभागृहाचे आरक्षण, व्याख्यानमाला आणि स्वयंसेवकांच्या पाळ्या या सर्वांची नोंद आजवर काउंटरवरच्या एका वहीत होत असे. मधल्या काळात एका पदाधिकाऱ्याच्या खासगी ईमेल खात्यावर कॅलेंडर केले होते, परंतु कार्यकारिणी बदलली की ते खाते आणि त्यासोबत सर्व नोंदी संस्थेच्या हाताबाहेर जातात. म्हणून संस्थेच्या मालकीचा कॅलेंडर सर्व्हर असावा, असे ठरले.

सध्याची मांडणी अशी आहे. कार्यालयातील एका जुन्या संगणकावर डेबियन ही लिनक्स प्रणाली असून त्यावर रॅडिकॅल हे कॅलेंडर सर्व्हरचे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर चालते. ते फक्त त्याच संगणकावरच्या ५२३२ क्रमांकाच्या पोर्टवर (जोडणीच्या दारावर) आलेल्या विनंत्या ऐकते. त्याच्यापुढे बाहेरच्या विनंत्या घेऊन त्याच्याकडे पोहोचवणारा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आहे, सुरक्षित जोडणीसाठी लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचे प्रमाणपत्र घेतलेले आहे आणि कॅलेंडरसाठी स्वतंत्र उपडोमेन ठेवले आहे. सर्व्हिस फाइल, म्हणजे रॅडिकॅल पार्श्वभूमीत आपोआप चालवण्याच्या सूचनांची फाइल, रॅडिकॅलच्या दस्तऐवजातील नमुन्यावरून घेतली आहे. पुढील प्रश्नांवर जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

पहिला प्रश्न सर्वांत गंभीर आहे. नोंदींचा साठा बाहेरच्या डिस्कवर हलवल्यापासून लॉगिनचे पान दिसते, परंतु पासवर्ड दिल्यावर सर्व्हरची अंतर्गत त्रुटी येते. लॉगमध्ये कुलूप-फाइल उघडता येत नाही आणि फाइल सिस्टम केवळ वाचनासाठी आहे, असे लिहिलेले असते. फोल्डरची मालकी रॅडिकॅलच्या वापरकर्त्याकडेच आहे. त्याच वापरकर्त्याच्या नावाने टर्मिनलवरून हाताने रॅडिकॅल सुरू केले तर सर्व काही सुरळीत चालते, सर्व्हिस म्हणून सुरू केले की चालत नाही.

दुसरा प्रश्न असा की, लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये पत्ता विनातक्रार उघडतो, पण अँड्रॉइडवरील डॅव्हएक्स५ हे कॅलेंडर समक्रमित करणारे अॅप प्रमाणपत्र अनोळखी असल्याचे सांगते.

तिसरा प्रश्न जुन्या वहीतून आणलेल्या नोंदींचा आहे. त्या एका स्क्रिप्टने आयसीएस फाइलमध्ये, म्हणजे कॅलेंडरच्या नोंदींच्या प्रमाणित स्वरूपात, आणल्या. त्यांपैकी लांब शीर्षकांत मधेच काळ्या चौकटीतील प्रश्नचिन्हे दिसतात. शिवाय डब्लिनला राहणाऱ्या आमच्या एका आजीव सभासदांना सायंकाळी सहाचे ऑनलाइन व्याख्यान त्यांच्या घड्याळानुसार सहालाच दिसते.

टर्मिनलवासी

मांडणी योग्य आहे. विशेषतः स्वतंत्र उपडोमेन घेतले हे फार बरे केले. मुख्य संकेतस्थळाच्या पत्त्याखाली उपमार्गावर रॅडिकॅल ठेवले की एनजिनएक्सकडून मूळ मार्ग सांगणारा वेगळा हेडर पाठवावा लागतो आणि मार्गाच्या शेवटच्या तिरक्या रेषेवरून निम्मे लोक अडकतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच वर्णनात आहे. हाताने चालवल्यावर लिहिता येते, याचा अर्थ डिस्क, तिचे माउंटिंग (प्रणालीशी जोडणी) आणि मालकी या तिन्ही गोष्टी ठीक आहेत. म्हणजे डिस्क सर्व्हिसला तेवढी वेगळी दिसते आहे. रॅडिकॅलच्या नमुना सर्व्हिस फाइलमध्ये सुरक्षेसाठी सिस्टमडीचे (लिनक्सवर सर्व्हिस चालवणाऱ्या व्यवस्थेचे) ‘प्रोटेक्टसिस्टम’ हे कलम ‘स्ट्रिक्ट’ या मूल्यासह दिलेले असते. त्यामुळे त्या सर्व्हिसपुरती जवळजवळ संपूर्ण फाइल सिस्टम केवळ वाचनासाठी होते आणि ‘रीडराइटपाथ्स’ या कलमात लिहिलेल्या मार्गांपुरतीच लिहिण्याची मुभा राहते. नमुन्यात तेथे व्हार-लिब खालील रॅडिकॅलचे फोल्डर असते. आपला साठा दुसरीकडे गेला, पण हे कलम जागचे हलले नाही. अशा वेळी मालकी आणि परवानग्या कितीही बदलल्या तरी फरक पडत नाही, आणि लोक वैतागून फोल्डर सर्वांसाठी खुले करून ठेवतात. तसे अजिबात करू नये.

उपाय असा. मूळ सर्व्हिस फाइलला हात न लावता ‘सिस्टमसीटीएल एडिट’ने एक पुरवणी फाइल तयार करावी, तिच्यात सर्व्हिस विभागाखाली ‘रीडराइटपाथ्स’मध्ये नवा मार्ग द्यावा आणि सर्व्हिस पुन्हा सुरू करावी.

त्याच पुरवणीत, युनिट विभागाखाली, आणखी एक ओळ आवर्जून घालावी, ती म्हणजे ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर’ आणि पुढे डिस्कचा मार्ग. ती नसेल तर वीज जाऊन आल्यावर डिस्क माउंट होण्यापूर्वीच रॅडिकॅल सुरू होऊ शकते. मग त्याला त्या जागी रिकामे फोल्डर दिसते आणि ते लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला निरागसपणे ‘आपल्याकडे एकही कॅलेंडर नाही’ असे कळवते. समक्रमण करणारी अॅप सर्व्हरचा शब्द प्रमाण मानतात, त्यामुळे फोनवरचीही प्रत पुसली जाऊ शकते. मला हा धोका आपल्या तिन्ही प्रश्नांपेक्षा मोठा वाटतो. डिस्कवर ईएक्सटी४ फाइल सिस्टम आहे ना, हेही पाहावे. विकत आणलेल्या डिस्कवर बहुधा एक्सफॅट असते आणि तिच्यावर लिनक्सची मालकी व परवानग्या नोंदवल्याच जात नाहीत.

दुसऱ्या प्रश्नात एनजिनएक्सच्या मांडणीत प्रमाणपत्राची कोणती फाइल दिली आहे ते पाहा. प्रमाणपत्र मिळवून देणारा सर्टबॉट एका फाइलमध्ये केवळ आपले प्रमाणपत्र ठेवतो आणि ‘फुलचेन’ नावाच्या फाइलमध्ये, ते मूळ विश्वासू प्रमाणपत्राशी जोडणाऱ्या मधल्या प्रमाणपत्रासह, संपूर्ण साखळी ठेवतो. पहिली फाइल दिली असेल तर अनेक ब्राउझर मधला दुवा स्वतः मिळवून वेळ निभावतात, अँड्रॉइड तसे करत नाही. डॅव्हएक्स५ ते प्रमाणपत्र हाताने स्वीकारण्याचा पर्याय देते, पण तो वापरू नये. लेट्स एन्क्रिप्टचे नेहमीचे प्रमाणपत्र ९० दिवसांचे असते. नवे आले की प्रत्येक स्वयंसेवकाला तोच प्रश्न पुन्हा पडेल, आणि पुढे कधी खरोखर संशयास्पद प्रमाणपत्र आले तरी लोक सवयीने होकार देतील.

अक्षरजुळणी

तिसऱ्या प्रश्नाच्या पहिल्या भागाबद्दल लिहितो, कारण देवनागरीत काम करणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटते आणि दोष उगाच फॉन्टवर ढकलला जातो.

आयसीएस फाइलचे स्वरूप २००९ सालच्या आरएफसी ५५४५ या इंटरनेट-मानकात ठरलेले आहे. त्यानुसार एक ओळ ७५ बाइटपेक्षा लांब असू नये. लांब झाली तर ती मोडून पुढची ओळ एका मोकळ्या जागेने सुरू करायची आणि वाचणाऱ्याने ती पुन्हा जोडून घ्यायची. मर्यादा बाइटची आहे, अक्षरांची नाही. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना, वेलांटी, हलंत ही सर्व स्वतंत्र चिन्हे असतात.

आपल्या कामातलेच शीर्षक घेऊ: ‘वार्षिक सर्वसाधारण सभा आणि अहवाल वाचन’. ओळीच्या आरंभी ‘समरी’ हे क्षेत्रनाम रोमन लिपीत आणि त्यापुढे कोलन, मिळून ८ बाइट. ‘वार्षिक’मध्ये ७, ‘सर्वसाधारण’मध्ये १० आणि ‘सभा’मध्ये ३ अशी २० चिन्हे, म्हणजे ६० बाइट, आणि मधल्या दोन मोकळ्या जागांचे २. येथवर ७० झाले. पुढची मोकळी जागा ७१वा बाइट, ‘आ’ ७२ ते ७४, आणि ‘ण’ ७५ ते ७७. स्क्रिप्टने डोळे मिटून ७५व्या बाइटवर कात्री चालवली की ‘ण’चा एक तुकडा वरच्या ओळीत आणि दोन तुकडे खालच्या ओळीत जातात. वाचणाऱ्या प्रणालीने ओळी जोडण्याआधीच त्यांचे अक्षरांत रूपांतर केले तर तेथे चौकटीतले प्रश्नचिन्ह उमटते. काही अॅपमध्ये शीर्षक नीट दिसते आणि काहींमध्ये तुटते, त्याचे कारण हेच असते. जे आधी बाइट जोडतात आणि मग अक्षरे वाचतात, त्यांना दोष जाणवतच नाही.

मूळ आयसीएस फाइल हाती असेल तर नुकसान भरून काढता येते. फाइल बाइटच्या रूपात उघडावी, ओळ तुटल्याची खूण आणि तिच्यामागची मोकळी जागा काढून टाकावी, आणि त्यानंतरच यूटीएफ-८ म्हणून वाचावी. मात्र एखाद्या संपादकात ती उघडून प्रश्नचिन्हांसह पुन्हा जतन केली असेल तर मूळ बाइट गेलेले असतात आणि वहीकडेच परतावे लागते. पुढच्या वेळी ओळी हाताने न मोडता पायथनची आयकॅलेंडर ही लायब्ररी वापरावी. ती अक्षराच्या मधोमध ओळ तोडत नाही.

याच स्क्रिप्टमध्ये यूआयडी कसा तयार होतो तेही तपासा. प्रत्येक नोंदीला कायमचा, एकमेव ओळख-क्रमांक हवा. स्क्रिप्ट चालवताना तो दर वेळी नव्याने तयार होत असेल, तर दुरुस्त फाइल पुन्हा चढवल्यावर जुन्या नोंदी बदलणार नाहीत, त्यांच्या शेजारी नव्या उभ्या राहतील. वहीतील पान आणि अनुक्रमांक यांवरून यूआयडी बनवला तर ही अडचण उरत नाही.

दूरदेशी

मीही महाराष्ट्राबाहेर, आयर्लंडमध्येच राहतो, म्हणून वेळेचा भाग घेतो. स्क्रिप्टने नोंदीची वेळ लिहिताना कालविभाग लिहिलेला नसणार. अशा वेळेला तरती वेळ म्हणतात. ती कुठल्याही देशाची नसते आणि पाहणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे वाचली जाते. सकाळी सहाला औषध घेण्याच्या नोंदीसाठी ती योग्य आहे, ऑनलाइन व्याख्यानासाठी नाही.

दोन मार्ग आहेत. एक म्हणजे ‘एशिया/कोलकाता’ हा कालविभाग लिहिणे. ‘एशिया/कलकत्ता’ हे त्याचेच जुने नाव असून ते आजही बहुतेक ठिकाणी चालते. दुसरा म्हणजे वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत लिहून शेवटी झेड लावणे. सायंकाळचे ६ म्हणजे यूटीसी १२:३०. भारतात उन्हाळी वेळ नसल्यामुळे दुसरा मार्ग निर्धोक वाटतो आणि एकेका नोंदीसाठी तो तसा आहेही. परंतु पहाटे साडेपाचच्या आधीचा कार्यक्रम दर आठवड्याला होत असेल तर घोटाळा होतो. सोमवारी पहाटे ५ म्हणजे यूटीसीप्रमाणे रविवारी रात्री ११:३०, आणि पुनरावृत्तीच्या नियमात सोमवार लिहिला असेल तर वार आणि वेळ जुळत नाहीत. म्हणून मी नेहमी कालविभागाचे नावच लिहितो. इकडे मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलते. कालविभाग लिहिलेला असेल तर भारतातले व्याख्यान येथे आपोआप हिवाळ्यात दुपारी १२:३० ला आणि उन्हाळ्यात १:३० ला दिसते.

पूर्ण दिवसाच्या नोंदींबाबतही एक सूचना. त्यांची अखेरची तारीख धरली जात नाही. १४ तारखेचा एका दिवसाचा कार्यक्रम असेल तर आरंभ १४ आणि अखेर १५ लिहावी लागते. तीन दिवसांच्या ग्रंथोत्सवाचा तिसरा दिवस गायब होतो तो बहुतेक वेळा यामुळेच.

मुक्तस्रोत_पुणे

वाचनालयाचे संकेतस्थळ आधीपासून शेअर्ड होस्टिंगवर असेल तर बाइकल या दुसऱ्या कॅलेंडर सर्व्हरचा विचार जरूर करावा, असे मला वाटते. ते पीएचपी या भाषेवर चालते, त्याला एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस पुरतो आणि कार्यालयातला संगणक रात्रंदिवस चालू ठेवावा लागत नाही. काही होस्टिंगवर पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही. तेथे अपाचे हा वेब सर्व्हर लॉगिनची माहिती असलेला ऑथरायझेशन हेडर पीएचपीपर्यंत पोहोचूच देत नाही, तो पोहोचवण्याचे कलम लिहावे लागते. फाइलींपासून कॅलेंडरपर्यंत सर्व सांभाळणारे नेक्स्टक्लाउडही आहे, पण केवळ कॅलेंडरसाठी ते फार मोठे होते.

घरगुती ब्रॉडबँडवर असा सर्व्हर ठेवू पाहणाऱ्या वाचकांनी आधी राउटरचा बाहेरचा आयपी पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर तो अनेक ग्राहकांत वाटलेला पत्ता आहे आणि राउटरवर पोर्ट उघडून काहीही होणार नाही. मग स्थिर पत्ता मागणे, वायरगार्ड हे व्हीपीएन (सुरक्षित खासगी जोडणी) वापरणे किंवा लहानसा भाड्याचा सर्व्हर घेणे, एवढेच मार्ग उरतात.

टर्मिनलवासी

बाइकल उत्तम आहे, याबाबत दुमत नाही. तरीही येथे मी रॅडिकॅलच्या बाजूने आहे. त्यात प्रत्येक नोंद ही एक साधी आयसीएस फाइल असते आणि प्रत्येक कॅलेंडर हे एक फोल्डर. उद्या रॅडिकॅल हा प्रकल्प थांबला तरी त्या फाइली कोणत्याही कॅलेंडरमध्ये उघडतील. पदाधिकारी बदलले तरी नोंदी संस्थेकडे राहाव्यात हाच आपला मूळ हेतू असेल, तर ही गोष्ट मोलाची आहे. शिवाय प्रत्येक बदलानंतर चालणारी कमांड रॅडिकॅलच्या साठा विभागात देता येते. तेथे गिट हे बदल नोंदवणारे साधन जोडले की कोणत्या खात्यावरून कोणती नोंद केव्हा बदलली याचा इतिहास आपोआप राहतो.

ग्रंथसेवक (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. पुरवणी फाइलमध्ये नवा मार्ग आणि माउंटची अट घातल्यावर सर्व्हिस व्यवस्थित सुरू झाली. डिस्क काढून ठेवून संगणक पुन्हा सुरू केला, तेव्हा रॅडिकॅल सुरू झालेच नाही, जे अपेक्षित होते. फुलचेन फाइल दिल्यावर डॅव्हएक्स५ची सूचनाही बंद झाली. शीर्षके दुरुस्त झाली असून कालविभाग घालण्याचे काम चालू आहे.

आता दोन गोष्टी उरल्या. आयफोनवर एका विश्वस्तांना खाते पडताळता आले नाही असा संदेश येतो. आणि सभागृहाचे कॅलेंडर सर्वांना दिसावे, पण बदल फक्त कार्यालयाने करावा, हे कसे साधावे?

टर्मिनलवासी

आयफोनवर सर्व्हरच्या जागी त्यांनी वाचनालयाचे मुख्य डोमेन लिहिले असण्याची शक्यता अधिक आहे. अॅप त्या डोमेनवर ‘वेल-नोन’ खालील ‘कॅलडॅव्ह’ हा ठरलेला पत्ता शोधते. ही पद्धत २०१३ च्या आरएफसी ६७६४ मध्ये आहे. आपल्या मुख्य डोमेनवर संकेतस्थळ आहे, कॅलेंडर नाही, म्हणून शोध तेथेच संपतो. उपडोमेन लिहावे, किंवा मुख्य संकेतस्थळावर त्या पत्त्याचे पुनर्निर्देशन उपडोमेनकडे करावे. पुढे सभासदांना सोपे जावे म्हणून दुसरे केलेले बरे.

एवढ्याने भागले नाही तर फोन बाजूला ठेवावा आणि लॅपटॉपवरून कर्ल या कमांडने, वापरकर्ता आणि पासवर्ड देऊन, त्यांच्या फोल्डरच्या पत्त्यावर प्रॉपफाइंड (फोल्डरची माहिती विचारणारी) विनंती पाठवावी. उत्तराचा क्रमांक २०७ आला तर सर्व्हर आणि एनजिनएक्स ठीक आहेत आणि शोध फोनमध्ये घ्यावा. ४०१ म्हणजे पासवर्ड किंवा त्याची फाइल यांत चूक आहे. मात्र लॉगमध्ये सुरुवातीला एक ४०१ आणि लगेच २०७ दिसणे स्वाभाविक आहे, कारण अनेक अॅप पहिली विनंती पासवर्डाविनाच करतात. ४०५ आले तर विनंती रॅडिकॅलपर्यंत पोहोचलीच नाही, मधला सर्व्हर ती पद्धत नाकारतो आहे. मोठी आयसीएस फाइल चढवताना ४१३ आले तर एनजिनएक्सची १ मेगाबाइटची मूळ मर्यादा वाढवावी. या आकड्यांकडे न पाहता सर्व काही काढून पुन्हा उभारणे हा सर्वांत वेळखाऊ मार्ग आहे.

हक्कांबाबत: रॅडिकॅलमध्ये मुळात प्रत्येकाला केवळ स्वतःचे फोल्डर दिसते. हक्कांचा प्रकार ‘फाइलमधून’ असा बदलून नियम लिहिता येतात. त्यात लहान लिपीतील आर म्हणजे कॅलेंडर वाचण्याचा आणि डब्ल्यू म्हणजे लिहिण्याचा हक्क. मोठ्या लिपीतील अक्षरे कॅलेंडर नसलेल्या वरच्या फोल्डरसाठी असतात. हा फरक नजरेतून सुटला की नियम बरोबर दिसूनही कॅलेंडर उघडत नाही. परंतु हक्क दिला तरी दुसऱ्याच्या फोल्डरमधले कॅलेंडर अॅपला आपोआप सापडत नाही. म्हणून कार्यालयाच्या कॅलेंडरचा सांकेतिक दुवा, म्हणजे सिमलिंक, प्रत्येक सभासदाच्या फोल्डरमध्ये ठेवावा आणि त्या मार्गावर फक्त वाचनाचा हक्क द्यावा.

आणि प्रमाणीकरणाचा प्रकार स्पष्ट लिहिला आहे याची खात्री करा. ३.५.० पूर्वीच्या आवृत्त्यांत तो न लिहिल्यास कोणीही कोणत्याही नावाने आत येऊ शकत असे, त्या आवृत्तीपासून मात्र सर्वांनाच नकार मिळतो. एचटीपासवर्ड फाइल (खाती आणि पासवर्डांची यादी) आणि बीक्रिप्ट (पासवर्ड न वाचता येण्याजोगा करून साठवण्याची पद्धत) ही जोडी आपल्यासाठी पुरेशी आहे.

ग्रंथसेवक (धागाकर्ता)

मुख्य डोमेनवर पुनर्निर्देशन केल्यावर आयफोनवर खाते जोडले गेले. हक्कांचे काम या आठवड्यात करतो. शेवटचा प्रश्न सणांचा. गणेश चतुर्थीची दरवर्षी आपोआप येणारी नोंद करता येईल का?

अक्षरजुळणी

येणार नाही. दरवर्षीची पुनरावृत्ती इंग्रजी तारखेने चालते. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन किंवा १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन यांसाठी ती अचूक आहे. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने ती १४ सप्टेंबरला येते.

इतर कालगणनांसाठी २०१५ साली आरएफसी ७५२९ आली, आणि तिच्या आधारे चिनी किंवा हिब्रू पंचांगाप्रमाणे पुनरावृत्ती लिहिता येते. तीत ज्या कालगणना-सूचीचा आधार आहे तिच्यातील ‘इंडियन’ ही २२ मार्च १९५७ पासून स्वीकारलेली राष्ट्रीय सौर दिनदर्शिका आहे. तिच्यातही चैत्र ते फाल्गुन हीच नावे आहेत, पण तिथी नाही आणि अधिक मासही नाही. त्यामुळे भाद्रपद शुद्ध चतुर्थी तिच्यात मांडता येत नाही. शिवाय फार थोडी अॅप हा विस्तार समजून घेतात.

म्हणून सणांचे वेगळे कॅलेंडर करावे, पंचांग पाहून पुढच्या वर्षाच्या तारखा एकदाच भराव्यात, आणि यूआयडीमध्ये सणाचे नाव व वर्ष ठेवावे, म्हणजे एखादी तारीख सुधारावी लागली तर दुहेरी नोंद होणार नाही. शासनाची सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना निघाली की तिच्याशी ताडून पाहता येईल. आपण ती फाइल तयार केल्यावर येथे दिलीत तर इतर वाचनालयांनाही उपयोगी पडेल, आणि तारखा तपासून द्यायला मी तयार आहे.

ग्रंथसेवक (धागाकर्ता)

फाइल दिवाळीपूर्वी तयार करून याच धाग्यावर देतो. सोबत पुरवणी सर्व्हिस फाइल आणि हक्कांचे नियमही देईन, कार्यालयाचा पत्ता आणि खात्यांची नावे काढून.